प्रस्तावना : अभेद्य आणि अभेद

वसईच्या ईस्ट इंडियन घरांत उन्हाळ्यात बाटलीचा मसाला होतो. मिरच्या अंगणात वाळतात. धणे, तीळ, खसखस, हळद, दालचिनी असे वीस-पंचवीस जिन्नस वेगवेगळे भाजले जातात, मुसळांचा ठेका धरला जातो आणि लालभडक मसाला गडद काचेच्या बाटल्यांत ठासून भरला जातो. प्रत्येक घराचे प्रमाण निराळे. आमच्या शेजारच्या मावशींकडून दरवर्षी एक बाटली येते. एकदा मी प्रमाण विचारले. मावशी म्हणाल्या, "अख्खी बाटली दिली ना? मग प्रमाण कशाला हवं तुला?"

या पुस्तकाचा विषय त्या उत्तरात आहे. मसाला पूर्णपणे माझ्या ताब्यात आहे. मी तो कालवणात घालीन, नुसता चाखीन, चिमूट चिमूट करून भिंगाखाली बघीन. तरी प्रमाण मावशींचेच राहते. निदान जिभेपुरते तरी राहते, कारण कोणी बाटली प्रयोगशाळेत नेली तर गोष्ट वेगळी. संगणकाच्या प्रोग्रॅमबद्दल नेमका हाच प्रश्न विचारता येतो. प्रोग्रॅम समोरच्याला अख्खा देऊन टाकायचा. तो त्याच्या यंत्रावर त्याला हवा तेव्हा चालला पाहिजे आणि प्रत्येक उत्तर बरोबर आले पाहिजे. पण तो उघडून, कापून, ओळ न् ओळ तपासूनही त्या उत्तरांपलीकडे त्याला काही कळता कामा नये. प्रयोगशाळेपुढेही टिकेल असे दळण असते का? असेल, तर ते टिकेल याचा पुरावा काय? या दोन प्रश्नांतून कूटशास्त्राची जी शाखा उभी राहिली, तिच्या दारात वाचकाचे स्वागत करण्यासाठी ही चार पाने.

आधी नावाचे बघू. जगभर या क्रियेला 'ऑब्फस्केशन' म्हणतात. मराठीत मी 'दुर्बोधीकरण' हा शब्द घेतला आहे. मर्ढेकरांच्या काळापासून आपल्याकडे दुर्बोधतेवर इतका वाद झाला आहे, की शब्द ऐकताच अर्थाची निम्मी वाट चालून होते. फरक एवढाच, की दुर्बोध कवितेत कवीला काहीतरी पोहोचवायचे असते आणि ते पोहोचत नाही अशी वाचकाची तक्रार असते. इथे यंत्राला सगळे पोहोचते, माणसाला काही पोहोचू नये हाच हेतू असतो. तेव्हा ही तक्रार इथे शाबासकी ठरते.

माझी या विषयाशी गाठ पडली ती फजितीतून. गोखिवऱ्याच्या एका गाळ्यातल्या छोट्या कारखान्यासाठी मी वजनकाट्याला जोडलेला प्रोग्रॅम लिहून दिला होता. काट्याची जुळणी बदलायची तर संकेतशब्द लागे आणि तो शब्द प्रोग्रॅमच्याच पोटात होता. चलांना मी निरर्थक नावे दिली होती, उगाच चार वळसे घातले होते, आणि आता कोणाला काही सापडणार नाही अशा समजुतीत होतो. तिथे शिकाऊ म्हणून आलेल्या एका पोराने 'स्ट्रिंग्ज' नावाची एका ओळीची आज्ञा चालवली. फाइलमध्ये जिथे जिथे वाचता येतील अशी अक्षरे सलग आहेत ती सगळी ही आज्ञा पडद्यावर ओतते. विसाव्या-पंचविसाव्या ओळीत माझा संकेतशब्द उघडा पडला होता. मग मी शहाणा झालो आणि तो शब्द अक्षरे फिरवून साठवला. पोराने या वेळी प्रोग्रॅम चालू ठेवला आणि मधेच थांबवला. टंकलेला शब्द बरोबर की चूक हे ठरवायचे तर प्रोग्रॅमला मूळ शब्द क्षणभर का होईना उलगडावा लागतो. त्याने नेमका तोच क्षण पकडून स्मृती वाचली. "सर, तुम्ही कुलूप पण दिलं आणि चावी पण त्यालाच टांगली," असे म्हणून तो जेवायला गेला.

त्या दिवशी कळले ते असे : गुंतागुंत वेगळी आणि गुपित वेगळे. गुंतागुंतीने समोरच्याचा वेळ खर्ची पडतो. किती पडेल हे त्याच्या चिकाटीवर अवलंबून, आपल्या हाती काही नाही.

मराठीला हा धडा नवा नाही. सराफ आणि दलाल गिऱ्हाइकासमोर भाव बोलताना नंदभाषा वापरत. तिच्यात तीन म्हणजे उधानू, पाच म्हणजे मुळू आणि दहा म्हणजे अंगुळू. विसोबा खेचरांनी तर या बाजारी आकड्यांतून देवाचे वर्णन केले, आणि तिथेच या भाषेचे दुबळेपण दिसते. देवाला मुखे किती, डोळे किती, हात किती हे ज्याला ठाऊक आहे, तो शब्दांचे अर्थ उलट दिशेने काढू शकतो. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत जपले. मुळात ती एका अक्षराऐवजी दुसरे अक्षर लिहिण्याची रीत होती. राजवाडे आणि भावे यांच्या पिढीने विसाव्या शतकाच्या आरंभी ती लिपी मोकळी केली, आणि मराठीचे आद्य गद्य आपल्या हाती आले. आमच्याच गावात याहून जुना दाखला आहे. सोपाऱ्याला १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींना अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. पुढे १९५६ मध्ये भुईगावात नवव्या लेखाचा तुकडा सापडला. सगळ्यांनी वाचावे म्हणूनच जे कोरले, ते काळाच्या ओघात कोणालाच वाचता येईना. आणि तरी तो तुकडा मिळाला तेव्हा वाचता आला, कारण जेम्स प्रिन्सेपने १८३७ मध्ये ब्राह्मी उलगडून ठेवली होती. अपरिचयावर उभे असलेले प्रत्येक गुपित एखाद्या चिकट वाचकाची वाट बघत असते.

कूटशास्त्राने या चिकट वाचकाला गृहीत धरायचे ठरवले. ओग्यूस्त केर्कहॉफ्स यांनी १८८३ मध्ये दंडक घातला, की सगळी रीत शत्रूच्या हाती पडली तरी चालेल, फक्त किल्ली पडू नये. त्यानंतरचे कूटशास्त्र या दंडकावर वाढले. पण आपला प्रश्न त्याच्याही पुढचा आहे. इथे किल्लीच प्रोग्रॅमच्या पोटात असते आणि प्रोग्रॅम शत्रूच्या टेबलावर. १९७६ मध्ये डिफी आणि हेलमन यांनी सार्वजनिक किल्लीची कल्पना मांडली, तेव्हा ती साकारण्याची एक वाट म्हणून हेच सुचवले होते : संदेश कुलूपबंद करणारा प्रोग्रॅम लिहा, तो कोणालाही कळणार नाही असा करा आणि जगजाहीर करा. वाट दाखवून ते पुढे गेले. तिच्यावरून चालता येते का, हे बघायला आणखी चार दशके लागली.

एका छोट्या कामापुरती ही वाट लवकर सापडली. माझ्या वजनकाट्याचाच दाखला घ्या. त्या प्रोग्रॅमला एवढेच ठरवायचे होते, की टंकलेला शब्द ठरलेला आहे की नाही. त्यासाठी शब्द साठवायची गरजच नाही. त्याचा गणिती ठसा साठवावा. शब्दावरून ठसा काढणे सोपे, ठशावरून शब्द काढणे अतिकठीण. आता पोराने प्रोग्रॅम कुठेही थांबवला तरी त्याच्या हाती ठसाच लागेल. अट एकच, गुपित पुरेसे मोठे हवे. चार आकडी पिन असेल तर शक्यता फक्त १०,०००. सगळ्यांचे ठसे काढून जुळवायला डोळ्याचे पाते लवते तेवढा वेळ पुरतो. अशा एकबिंदू प्रोग्रॅमांचे काटेकोर शास्त्र १९९७ मध्ये रान कानेटी यांनी मांडले. २००४ मध्ये बेन लिन, मनोज प्रभाकरन आणि अमित सहाय यांनी ते पुढे नेले. ठसा काढणारे यंत्र आदर्श आहे असे मानले, तर कोणाला कुठवर प्रवेश द्यायचा याचे गुंतागुंतीचे नियमही दुर्बोध करता येतात, असे त्यांनी दाखवले. यातले प्रभाकरन आज पवईच्या आयआयटीत शिकवतात. चर्चगेट लोकलने अंधेरी आणि पुढे बस, इतक्या अंतरावर हा विषय राहतो, हे वसईच्या विद्यार्थ्याला मुद्दाम सांगावेसे वाटते.

मग कोणत्याही प्रोग्रॅमचे असे करता येईल का? आपली पहिली इच्छा सरळ असते : दुर्बोध प्रोग्रॅम म्हणजे काळी पेटी व्हावी. वरून प्रश्न टाकला, खालून उत्तर आले, आत काय आहे ते आतच राहिले. २००१ मध्ये बोआझ बराक, ओडेड गोल्डरिख, रसेल इम्पालियाझो, स्टीव्हन रुडिख, अमित सहाय, सलिल वढाण आणि के यांग या सात जणांनी सिद्ध केले, की सर्वच प्रोग्रॅमांसाठी हे होणे नाही. त्यांची युक्ती इतकी देखणी आहे, की दारातच दाखवतो.

एका प्रोग्रॅमच्या दोन खोल्या आहेत असे समजा. पहिलीला एक लांबलचक गुप्त शब्द सांगितला तर ती दुसरा गुप्त शब्द सांगते. बाकी कशालाही शून्य म्हणते. दुसरी खोली शब्द घेतच नाही, ती अख्खा प्रोग्रॅम घेते. ती तो चालवून बघते. पहिल्या गुप्त शब्दाला त्याने दुसरा गुप्त शब्द दिला, तर ती आपले सगळे गुपित ओकते. आता ज्याच्याकडे फक्त काळी पेटी आहे, त्याची गत काय? पहिला शब्द त्याला कधी सुचणार नाही, आणि दुसऱ्या खोलीत घालायला त्याच्याकडे प्रोग्रॅम नाही. त्याच्याजवळ प्रश्नोत्तरे तेवढी आहेत. पण ज्याच्या हाती प्रोग्रॅमचा मजकूर आहे, तो पहिली खोली उचलतो आणि दुसरीत घालतो. मजकूर कितीही दुर्बोध असला तरी तो चालतो, आणि इथे चालणे पुरेसे आहे. प्रोग्रॅम समजला नाही तरी तो दुसऱ्याला भरवता येतो. हाती मजकूर असणे आणि प्रश्न विचारण्याची मुभा असणे यांत असा न बुजणारा फरक आहे.

इथे विषय संपला असता. पण त्याच निबंधात त्या सातांनी एक साधीशी दिसणारी मागणीही नोंदवून ठेवली. समजा दोन प्रोग्रॅम आहेत, लांबी सारखीच, आणि प्रत्येक प्रश्नाला उत्तरही सारखेच. शाळेतले उदाहरण घ्या : एक प्रोग्रॅम अ आणि ब यांची बेरीज करून तिचा वर्ग काढतो, दुसरा अ² + २अब + ब² असे मोजतो. दोघांतला एक निवडून दुर्बोध करून दिला, तर मूळ कोणता होता हे कोणालाही ओळखता येऊ नये. बस, एवढेच. मसाल्याच्या भाषेत, सासूने तीळ आधी भाजले आणि सुनेने शेवटी, पण चव तंतोतंत एकच असेल, तर बाटली बघून ती कोणाच्या हातची हे कळू नये. या मागणीला मी 'अभेद दुर्बोधीकरण' म्हणतो. वाचताना 'अभेद्य' वाचू नका. अभेद्य म्हणजे फोडता न येणारे, तो किल्ल्यांचा शब्द. अभेद म्हणजे दोहोंत भेद न दिसणे. एका जोडाक्षराचा फरक आहे, आणि या शाखेचा सारा इतिहास त्या फरकातून गेला आहे.

पहिल्यांदा ऐकताना ही मागणी कुचकामी वाटते. दोन्ही प्रोग्रॅम एकच काम करतात. कोणता वापरला हे लपवून मिळाले काय? २००७ मध्ये शफी गोल्डवासर आणि गाय रोथब्लम यांनी एक उत्तर दिले. तुमचा प्रोग्रॅम लपवण्याची जी उत्तमात उत्तम रीत जगात असेल, ती वापरून केलेला प्रोग्रॅमही तुमच्यासारखेच काम करणार. म्हणजे तोही या जोडीतला दुसरा प्रोग्रॅम होऊ शकतो. आणि दोघांत भेद दिसत नसेल, तर तुमच्या प्रोग्रॅममधून त्या उत्तमापेक्षा अधिक काही गळत नाही. मागितले थोडे, पण जे शक्य आहे त्यातले सर्वांत चांगले पदरात पडले.

तरी ते बनवणार कसे? २०१३ मध्ये संजम गर्ग, क्रेग जेंट्री, शाय हालेवी, मारियाना रायकोवा, अमित सहाय आणि ब्रेंट वॉटर्स यांनी पहिला आराखडा मांडला. यातले गर्ग दिल्लीच्या आयआयटीचे. लगोलग सहाय आणि वॉटर्स यांनी अभेदाचा उपयोग दाखवला. गुपित असलेला प्रोग्रॅम घ्या. त्याच्यासारखेच काम करणारा, पण नेमके महत्त्वाचे गुपित ज्यात नाहीच, असा जोडीदार कागदावर रचा. दोघांत भेद दिसत नसेल, तर पहिल्यातून ते गुपित बाहेर येऊच शकत नाही, कारण दुसऱ्यात ते मुळी नव्हतेच. या एका युक्तीतून कूटशास्त्रातल्या कितीतरी गोष्टी बाहेर आल्या. १९७६ ची ती वाट, म्हणजे गुप्त किल्लीचे कुलूप दुर्बोध करून सार्वजनिक किल्ली बनवणे, तीही यातच मोकळी झाली.

पण २०१३ च्या आराखड्याचा पाया नव्या आणि कच्च्या गणितावर होता. पुढच्या दोन-तीन वर्षांत त्या पायावर हल्ल्यांमागून हल्ले झाले. आराखडे डागडुजी करून उभे राहत आणि पुन्हा ढासळत. त्या पायावाचून कसे बांधता येईल, याचा शोध बऱ्याच जणांनी घेतला. त्यांत मद्रास आयआयटीच्या श्वेता अग्रवालही आहेत. २०२० मध्ये आयुष जैन, हुईजिया लिन आणि अमित सहाय यांनी अभेद दुर्बोधीकरण अशा गृहीतकांवर उभे केले, जी बरीच वर्षे तावून सुलाखून निघालेली आहेत. त्यांतले एक दहावीच्या मुलालाही सांगता येते. पुष्कळ अज्ञातांची रेषीय समीकरणे द्यायची. उत्तरे सगळी बरोबर असतील, तर शाळेतल्या रीतीने अज्ञात निघतात. आता अधूनमधून एखादे उत्तर मुद्दाम चुकवायचे, कोणते ते सांगायचे नाही. एवढ्याने शाळेची रीत कोलमडते, आणि अज्ञातांची संख्या वाढली की तोडगा काढण्याची कोणतीही वेगवान रीत आजवर कोणाला सापडलेली नाही. माझ्या वजनकाट्यात मी वळसे घालून जे करू बघत होतो, ते इथे मोजक्या चुका पेरून साधते. फरक असा, की माझ्या वळशांमागे नुसती आशा होती. इथे सिद्धता आहे. हे दुर्बोधीकरण कोणी फोडले, तर त्याने त्या जुन्या कठीण प्रश्नांपैकी एक सोडवला असे ठरते.

म्हणून उद्यापासून मोबाइलमधली ॲपे अशी सुरक्षित होतील असे कोणी समजू नये. २०१४ मध्ये त्या वेळच्या आराखड्याची प्रत्यक्ष चाचणी झाली. प्रोग्रॅम माझ्या वजनकाट्याइतकाच साधा होता आणि गुपित अवघे १६ बिटांचे. दुर्बोध झाल्यावर त्याने तीस गिगाबाइटांहून अधिक जागा घेतली आणि एका प्रश्नाचे उत्तर द्यायला काही तास लावले. १६ बिटांत शक्यता ६५,५३६. सगळ्या तपासून बघणे याहून कितीतरी झटपट झाले असते. आज ॲपांत जे दुर्बोधीकरण वापरतात ते चलांची नावे बदलण्याच्या आणि वळसे घालण्याच्या जातीचे आहे. त्याचा उपयोग आहे, पण त्याच्या पाठीशी सिद्धता नाही. हा फरक मनाशी पक्का ठेवूनच पुढची प्रकरणे वाचावीत.

पुस्तकाची रचना थोडक्यात सांगतो. पहिल्या भागात ठसे, एकदिशा फलने आणि यादृच्छिकतेचा आभास निर्माण करणारी यंत्रे आहेत. बारावीचे गणित आणि थोडी संभाव्यता एवढ्यावर तो पार होतो. दुसऱ्या भागात काळी पेटी आणि तिची अशक्यता. तिसऱ्यात अभेद आणि त्याचे उपयोग. चौथ्यात २०१३ ते २०२० ची पडझड आणि बांधणी. तो सर्वांत अवघड आहे आणि पहिल्या वाचनात गाळला तरी धागा तुटत नाही. विरार लोकलमध्ये बसायला मिळेलच असे नाही, म्हणून प्रकरणे उभ्याने, एका हाताने दांडी धरून वाचता येतील एवढीच ठेवली आहेत. सिद्धता मात्र घरी, कागद-पेन्सिल घेऊन कराव्यात. परिभाषेत जिथे रुळलेला मराठी शब्द होता तिथे तो घेतला, नव्हता तिथे प्रोग्रॅम, बिट, पिन हे जसेच्या तसे ठेवले. शब्द घडवण्याच्या हौसेपायी विषय दुर्बोध करणे या पुस्तकाला तरी शोभले नसते.

नव्या वाचकाने एक सवय लावून घ्यावी. कोणी म्हणाले, "हे सुरक्षित आहे", तर तीन प्रश्न विचारावेत : काय लपवले, कोणापासून लपवले, आणि कोणता प्रश्न कठीण आहे या भरवशावर? नंदभाषेला दुसरा प्रश्न विचारला असता, तर तिने 'अडाणी गिऱ्हाइकापासून' असे प्रामाणिक उत्तर दिले असते. माझ्या वजनकाट्याच्या प्रोग्रॅमकडे तिसऱ्याचे उत्तरच नव्हते. काळ्या पेटीचे पहिलेच उत्तर जास्तीचे निघाले. अभेदाने तिन्ही उत्तरे दिली, तीही पहिली मागणी अशक्य ठरल्यावर, ती लहान करून.

यंदाची बाटली परवाच आली. मावशींना मी म्हटले, तुमच्या उत्तरावर एक पुस्तक झाले. त्या म्हणाल्या, "मग त्यात प्रमाण छापलं नाहीस ना?"

वसई, अक्षय्य तृतीया